अंगठ्यानं पुसलेलं गोंदण: प्रेक्षक आधी बघतो की आधी ऐकतो?

अमळनेरची_मास्तरीण

मंडळी, गेली चार वर्षं मी बहिणाबाईंवर तासाभराचं एकपात्री करते. शाळा सांभाळून, सुटीच्या दिवशी, जाण्यायेण्याच्या भाड्यावर. गेल्या दोन महिन्यांत दोन प्रयोग झाले आणि तेव्हापासून डोक्यात भुंगा शिरलाय.

पहिला पारोळा तालुक्यातल्या एका गावात, मारुतीच्या पारावर. अंगावर सासूबाईंचं सुती नऊवारी, डोक्यावर पदर, कपाळावर आठ आण्याएवढं कुंकू, हनुवटीवर आणि दोन्ही हातांवर पेन्सिलीनं काढलेलं गोंदण. प्रयोग छान झाला. संपल्यावर पुढच्याच रांगेतल्या एक आजी आल्या, माझा हात हातात घेतला, अंगठा जिभेला लावला आणि गोंदणावर घासला. "माय व, हाई ते पुसाई गये!" सगळा पार हसला, मीही हसले. आजी काही हसल्या नाहीत. "मी ते खरंच समजनू," एवढंच म्हणाल्या आणि काठी टेकत गेल्या.

दुसरा धुळ्यात, एका महिला मंडळाच्या कार्यक्रमात. हॉल एसी, खुर्च्यांना पांढरी कव्हरं. लुगड्याची पिशवी मी एसटीत विसरले (चूक माझीच). माझे केस बॉबकट आहेत आणि अंबाड्याचं गंगावनही त्याच पिशवीत. शेवटी मंडळाच्या बाईंनी स्वतःची पैठणी दिली, गजरा दिला, वर पावडरही लावून दिली. शब्द तेच, जागा त्याच. टाळ्या पडल्या, पण पडायच्या म्हणून पडल्या. जेवताना सात-आठ जणी येऊन म्हणाल्या, "मॅडम, काय छान दिसत होतात!" ओव्यांबद्दल एकीनंही काही विचारलं नाही. एक म्हणाली की आवाज जरा खरखरीत वाटला. असं मला आजवर कुणी म्हटलेलं नाही.

तर प्रश्न असा: रंगमंचावरच्या माणसाच्या दिसण्यानं तुमचं ऐकणं बदलतं का? आणि आम्ही कसं दिसायचं? पात्रासारखं, की चांगलं?

ठेचा_भाकरी

पहिला नंबर माझा!

ताई, "छान दिसत होतात" म्हणाले ना? कॉलेजच्या गॅदरिंगला माझं गाणं झाल्यावर मित्र म्हणाला होता, "बरं झालं भो, मध्येच लाईट गेली."

तापीकाठ

बदलतं. आणि फक्त ऐकणाऱ्याचं नाही, गाणाऱ्याचंही.

आमच्याकडे मुक्ताईनगर भागात सप्त्यात एकदा ठरलेले महाराज वेळेवर पोचले नाहीत. गावातलाच एक पोरगा बी.एस्सी.ला होता, आळंदीला दोन वर्षं राहून आलेला. त्याला उभं केलं. तो होता शर्ट-पँटमध्ये. पहिला अभंग घेतला तर मंडपात चुळबूळ, टाळकरीसुद्धा इकडंतिकडं बघताहेत. मग विणेकरी बाबांनी त्याच्या गळ्यात स्वतःचं उपरणं टाकलं, डोक्यावर टोपी ठेवली, कपाळाला बुक्का लावला. पोरगा तोच, अभंग तोच. पण त्याची मान वर झाली, टाळकरी सरळ उभे राहिले, मृदंग मोकळा वाजायला लागला. पुढचा दीड तास कुणी उठलं नाही.

माझ्या मते वेश हा लोकांना दिलेला शब्द असतो, की आता मी हा आहे. तुमच्या आजींना वाईट वाटलं ते त्यामुळं. शब्द पुसला गेला.

ठेचा_भाकरी

@तापीकाठ, शेवटची ओळ चोरणार आहे, आधीच सांगतो.

केळफूल

वरची चर्चा वेशाची चालली आहे. लुगडं बदलता येतं. चेहरा, रंग, अंगलट यांचं काय?

मी भुसावळकडच्या एका ऑर्केस्ट्रात अकरा वर्षं गायले. रंगानं काळी, अंगानं जाड. पहिल्या वर्षी मालकांनी सरळ सांगितलं, "तू विंगेतून गा, पुढं दुसरी मुलगी उभी करू." ती ओठ हलवायची, मी पडद्याआडून गायचे. लग्नाच्या रिसेप्शनला वन्समोअर आला की ती वाकून नमस्कार करायची. पोरगी चांगली होती हो, परतताना गाडीत माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडायची. तिलाही ते नकोच होतं.

आमच्यातल्या पुरुष गायकाचं पोट माझ्या दुप्पट. लोक त्याला म्हणायचे "भारदस्त". मला जे म्हणायचे ते इथं लिहीत नाही.

तेव्हा मास्तरीणबाई, "पात्रासारखं की चांगलं" हा प्रश्न तुम्हाला पडतो, कारण दोन्ही तुमच्या हातात आहे. प्रत्येकीच्या नसतं.

अमळनेरची_मास्तरीण

केळफूल, खरं आहे. हे माझ्या ध्यानात आलंच नव्हतं.

एरंडोलचा_नातू

खान्देशात हा विषय निघाला आणि बालगंधर्वांचं नाव आलं नाही तर पाप लागेल. त्यांचे गाण्याचे सुरुवातीचे धडे आपल्या जळगावातले, मेहबूब खाँकडचे. १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत शकुंतला म्हणून उभे राहिले आणि पुढं घरंदाज बायका त्यांचं बघून लुगडं नेसायला, अंबाडा घालायला लागल्या. म्हणजे बाईनं कसं दिसावं हे एक पुरुष बायकांना शिकवत होता! तेच १९३५ साली प्रभातच्या चित्रपटात दाढी लावून संत एकनाथ झाले. "गाणं तेच होतं रे, पण डोळ्यांना आमचे गंधर्व सापडेनात," असं माझे आजोबा सांगायचे.

खापरावरचा_मांडा

@एरंडोलचा_नातू, पण आजोबांनी उतारवयातले गंधर्व पाहिले होते का? अंग सुटलेलं, चेहऱ्यावर वय, आणि भूमिका तरुण नायिकेची. तरी लोक जायचेच. मग दिसण्याचा सिद्धांत कुठं राहिला?

एरंडोलचा_नातू

ते आठवणीवर जायचे. पहिल्यांदा बघणाऱ्या पोरांना काय दिसलं असेल, सांगा. समोर म्हातारा पुरुष आणि शेजारी वडील डोळे पुसताहेत.

चाळीसगावकर_नाना

बरेच दिवसांनी लिहितोय, सांभाळून घ्या.

सारंगखेड्याची यात्रा, दत्तजयंतीच्या सुमाराची, थंडी मरणाची. सन ८३ किंवा ८४. वडील घोडा बघायला गेले होते, मी तमाशा बघायला. कनातीत मुंगीला शिरायला जागा नाही. गण झाला, गवळण झाली. मावशीचं काम करणारा गडी हाताला केस, ओठावर तासलेल्या मिशीचा हिरवा डाग, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. नुसता उभा राहिला तरी हशा. तिथं रूप न जुळणं हीच सगळी गंमत. तो जर खरंच देखण्या बाईसारखा दिसला असता तर कुणी हसलं नसतं.

मग रात्री दीडच्या सुमारास एक बाई लावणीला आली. पंचेचाळीशी पार केलेली असेल. हॅलोजनखाली तोंडावरचा रंग चिरा पडल्यासारखा दिसत होता. पहिली ओळ म्हणायच्या आतच मागून ओरडा, "मावशी गेली की आता! पोरगी पाठवा!" बाईनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि गायली. काय गायली! तो आवाज माझ्या कानात अजून आहे.

आता तुम्हाला वाटेल की मी सांगणार, सगळा तंबू चिडीचूप झाला. नाही झाला. मागचे लोक चहाला उठले, पुढचे ओरडत राहिले, तिनं दोन कडवी खाऊन टाकली आणि आत गेली. मग पोरगी आली, तिला धड ठेकाही धरता येत नव्हता, आणि फेट्यांचा पाऊस. कला शेवटी जिंकते वगैरे मला सांगू नका. मी हरताना पाहिलीय.

केळफूल

नाना... _/\_

आसोद्याची_सून

नानांच्या प्रतिसादानंतर माझं लिहिणं बारीक वाटेल, पण विषय बहिणाबाईंचा आहे म्हणून राहवत नाही.

मास्तरीणबाई, तुम्ही बहिणाबाई कोणत्या वयाच्या करता? म्हातारपणीच्या करत असाल तर ते आठ आण्याएवढं कुंकू कशाला? त्या जन्मल्या १८८० मध्ये, आमच्या आसोद्यात. तिशीत नवरा गेला आणि १९५१ पर्यंत जगल्या. म्हणजे चाळीसएक वर्षं कपाळ मोकळं. कुंकू पुसलं आणि त्याखाली लपलेली कर्माची रेघ उघडी पडली, असं त्यांनी स्वतःच रचून ठेवलंय. तुम्ही ती ओवी म्हणत असणार. कपाळावर टिक्का ठेवून ती कशी म्हणता?

दुसरं, त्यांची बोली लेवा गणबोली. खूप जण अहिराणीत घोळतात.

ठेचा_भाकरी

झालं. आता धागा दोनशे प्रतिसाद गाठणार. खुर्ची ओढून बसलो.

पांझराकाठी

@आसोद्याची_सून, अहिराणी आणि लेवा बोली सख्ख्या नसल्या तरी शेजारणी आहेत. एवढं तुटक बोलायची गरज नाही. धुळ्याच्या माणसाला बहिणाबाई ऐकताना कुठंच अडत नाही.

आसोद्याची_सून

अडत नाही म्हणून एक होत नाही भाऊ. शेजारणीच्या घरातलं सगळं कळतं, म्हणून ते घर आपलं होत नाही. नवा धागा काढा, तिथं येते.

अमळनेरची_मास्तरीण

आसोद्याच्या ताई, कपाळात हाणलीत. मी सत्तरीतल्या बहिणाबाई करते आणि ती ओवी म्हणते. कुंकवासकट. चार वर्षांत कुणी बोललं नाही, आणि मलाही सुचलं नाही. खरं सांगायचं तर पहिल्या प्रयोगाला मी लहानसंच लावलं होतं, तर आयोजक म्हणाले, "कुंकू ठसठशीत पाहिजे, खान्देशी बाई वाटली पाहिजे." तेव्हापासून तेच चाललंय.

खापरावरचा_मांडा

मग सुरुवात कुंकवानं करा आणि त्या ओवीला रंगमंचावरच पुसा. हॉल हलेल.

तापीकाठ

नका हो. हॉल हलवायला म्हणून केलं की ते दिसतं. ज्या बाईनं आयुष्यात शब्द पालवीएवढाही फुगवला नाही, तिच्यावर असलं नाटक लादू नका.

खापरावरचा_मांडा

एकपात्री म्हणजे नाटकच असतं की. बरं, राहिलं.

रंगपेटी

रंगभूषेत तीस वर्षं गेली. राज्य नाट्य स्पर्धेच्या जळगाव केंद्रावर दरवर्षी पाच-सहा संघांचे चेहरे हाताखालून जातात. काही गोष्टी सांगतो.

मास्तरीणबाई, गोंदण काळं नसतं. काजळ कातडीखाली गेलं की वरून हिरवट निळं दिसतं, आणि जुनं झालं की कडा फुटतात. तुम्ही काळ्या आयब्रो पेन्सिलीनं रेघा मारल्या असणार. पाचव्या रांगेतून चालतं, पहिल्या रांगेतल्या आजीला नाही, कारण तिच्या स्वतःच्या हातावर खरं आहे! निळसर हिरवा रंग बारीक ब्रशनं ठिपक्या-ठिपक्यांनी लावा, बोटानं थोडा दाबून पसरवा, वर पारदर्शक पावडर थापा. थुंकी लावून घासलं तरी चटकन जाणार नाही.

दुसरं धुळ्याच्या हॉलबद्दल. पूर्वी पिवळा उजेड असायचा, गॅसबत्ती काय, साधे बल्ब काय. त्यात सगळे चेहरे ऊबदार दिसत. आमचे गुरू सफेदा, पिवडी आणि हिंगूळ खलून चेहरा करायचे, तो रंग त्या उजेडाचाच होता. आता हॉलवाले थंड पांढरे एलईडी मारतात. त्यात घरगुती पावडर राख फासल्यासारखी दिसते. चेहरा पांढरा, मान सावळी, मधे सीमारेषा. लोकांना नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं.

आणि केळफूल ताई, आमच्या धंद्याचंही पाप कबूल करतो. सावळ्या मुलीला दोन शेड उजळ करायचं हे आम्ही न विचारता करत आलो. एकदा एका संघात शेतमजूर बाईचं काम करणाऱ्या पोरीला मी सवयीनं गोरं केलं. दिग्दर्शक पोरगा पंचवीस वर्षांचा, त्यानं स्वतः ओला रुमाल आणून तिचं तोंड पुसलं आणि मला म्हणाला, "काका, ही कापूस वेचते, फेशियल करत नाही." त्या दिवशी लाज वाटली.

ठेचा_भाकरी

काका, माझ्या लग्नाचे फोटो तुम्हीच बिघडवले होते का? मी त्यात दह्यासारखा दिसतोय.

आकडेमोड

यावर झालेला एक अभ्यास सांगतो. च्या-जुंग त्साय या बाई स्वतः पियानोवादक. त्यांनी २०१३ साली प्रयोग प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या स्पर्धांतल्या अंतिम फेरीच्या तिघांच्या छोट्या क्लिपा घेतल्या. काहींना नुसता आवाज ऐकवला, काहींना आवाज बंद करून नुसतं चित्र दाखवलं, काहींना दोन्ही. विचारलं, कोण जिंकलं असेल? सगळे आधी म्हणत होते की महत्त्व आवाजालाच. प्रत्यक्षात खरा विजेता जास्त वेळा ओळखला तो मुका व्हिडिओ बघणाऱ्यांनी! आणि यात व्यावसायिक संगीतकारही तसेच निघाले.

पण ते देखणेपण ओळखत होते असं नाही. अंगातून जे दिसतं, वाजवणाऱ्याची तल्लीनता, हालचालीतला जोर, त्यावर ते जात होते.

केळफूल, तुमचा पडदा वाचून आणखी एक आठवलं. अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदांनी सत्तर-ऐंशीच्या दशकांत भरतीच्या परीक्षेला पडदा लावायला सुरुवात केली, वाजवणारा परीक्षकांना दिसूच नये म्हणून. काही ठिकाणी तर टाचांच्या आवाजावरून बाई की पुरुष कळू नये म्हणून खाली गालिचा घालत.

केळफूल

वा. पडदा तोच. तिथं बाईला नोकरी मिळावी म्हणून, इथं बाई दिसू नये म्हणून.

चाळीसगावकर_नाना

मुका व्हिडिओ बघून गाण्याचा निकाल! आमच्या यात्रेत हे शास्त्र चाळीस वर्षांपूर्वी सिद्ध झालं होतं, कुणी लिहून ठेवलं नाही इतकंच.

मिक्सरवाला

मी साउंडचं काम करतो, तिसऱ्यांदा वाचतोय हा धागा आणि कुणी मूळ गोष्ट विचारलीच नाही.

ताई, पारावर माइक कोणता होता आणि धुळ्याला कोणता?

अमळनेरची_मास्तरीण

पारावर स्टँडचा, गावच्या भजनी मंडळाचा. धुळ्याला कॉलर माइक, पदराला लावलेला.

मिक्सरवाला

पैठणीच्या पदराला. जरीच्या.

ताई, जरीचा पदर घासला की कॉलर माइकमध्ये पालापाचोळा तुडवल्यासारखी खरखर येते. तुम्ही हात उचलला की खर्र. मान वळवली की खर्र. ऑपरेटरनं वरची पट्टी कापली असणार, म्हणजे तुमचा आवाज घोंगडीखालून आल्यासारखा. त्या बाईंना आवाज खरखरीत वाटला, तो खरंच खरखरीत होता! सुती लुगडं असं बोलत नाही. लोकांनी डोळ्यांनी ऐकलं वगैरे नंतर. आधी कानांनीच नीट ऐकू आलं नव्हतं. शिवाय कार्यक्रम जेवणाआधी होता की नंतर?

अमळनेरची_मास्तरीण

आधी. वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्यांचा वास येत होता.

मिक्सरवाला

मग बहिणाबाई स्वतः आल्या असत्या तरी टाळ्या तेवढ्याच.

ठेचा_भाकरी

धाग्याचा निकाल: दोष वांग्यांचा.

पांझराकाठी

हसण्यावारी नेऊ नका. पैठणीनं दिसणंही बिघडवलं आणि ऐकणंही. म्हणजे ताईंचा प्रश्न अजून तिथंच आहे. कान स्वच्छ असते तर त्या पैठणीत बहिणाबाई चालल्या असत्या का?

आसोद्याची_सून

चालल्या असत्या, जर तुम्ही बहिणाबाई झाला नसतात तर. साध्या साडीत, बॉबकटसकट उभं राहून, "मी अमुक शाळेतली शिक्षिका, मला या बाईच्या ओव्या आवडतात, त्या तुम्हाला ऐकवते," असं म्हटलं असतं तर कुणाला गोंदण पुसून बघावं वाटलं नसतं. अर्धं रूप घेतलं की लोक उरलेलं अर्धं तपासतात. जुन्या जळगावात चौधरी वाड्यात त्यांच्या रोजच्या वापरातल्या वस्तू ठेवल्यात, त्या एकदा बघून या. मग ठरवा.

अमळनेरची_मास्तरीण

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. वाड्यात रविवारी जाऊन आले. ताई, तुमचं अर्धं पटलं. नुसतं शिक्षिका म्हणून उभं राहायची माझी छाती नाही, पदर डोक्यावर आला की मगच माझा आवाज लागतो (तापीकाठ यांचा बी.एस्सी.वाला पोरगा म्हणजे मीच). पण कुंकू आता लावत नाही. गोंदणही रंगवणार नाही, रंगपेटी काकांच्या निळ्या रंगानंसुद्धा नाही. त्या आजींच्या हातावरचं पाहिल्यावर आता धीर होत नाही. केळफूल, तुमचं उत्तर माझ्याकडे नाही. तुम्ही कुठं गात असाल तर सांगा, मी पुढच्या रांगेत येऊन बसते.

आता अडचण वेगळीच. एसटीतली पिशवी सापडली नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) यावल तालुक्यात प्रयोग आहे आणि जाड सुती नऊवारी लुगडं मिळत नाहीये. दुकानात दाखवतात ते सगळं सिंथेटिक, चमकतं. कुणाला माहीत आहे का कुठं मिळेल?

केळफूल

मी आता फक्त भजनी मंडळात गाते. मंगळवारी, घराजवळच्या विठ्ठल मंदिरात, ट्यूबलाइटखाली, सगळ्यात पुढं बसून. या.

आसोद्याची_सून

दुकानं फिरू नका. आमच्या आजेसासूबाईंची दोन लुगडी पेटीत आहेत, एक धडकं आहे. डांबरगोळ्यांचा वास येईल, दोन दिवस उन्हात टाका. काष्ट्याजवळ एक ठिगळ आहे, ते उसवू नका. आणि परत देताना इस्त्री करून देऊ नका.